निधान

खानापूरच्या पुढं, नंदगड रस्त्याला,
पत्र्याच्या शेडमध्ये आमचं रंधा मशीन आहे.
दोन ओतीव टेबलं, मधे रुंद फट,
फटीत ब्लॉक, तीन पात्यांचा.
फिरायला लागला की तो दिसत नाही,
राखाडी चमक तेवढी थरथरते
आणि वाटतं, तिथं काहीच नाही.

तिथं काहीच नाही असं वाटून
मोनप्पा बडिगेरांच्या उजव्या हाताची
दोन पेरं गेली.

तेव्हा गार्ड भिंतीवर होता,
मौनेश्वराच्या कॅलेंडरशेजारी, खिळ्याला.
"मधे मधे येतंय" म्हणून काढलेला.
तीन वर्षं त्याच्यावर भुसा बसत होता.

दवाखान्यातून आले, चहासुद्धा घेतला नाही.
डाव्या हातानं गार्ड खाली काढला,
रॉकेलनं पुसला, उद्यमबागेतून आणवलेली
नवी स्प्रिंग बसवली
आणि मला हाक मारली.
मुलगी म्हणून मला तोवर
पॉलिशलाच बसवायचे.

बघ, म्हणाले.
कोयरीच्या आकाराचं बिडाचं पान.
एका खुंटीवर फिरतं, पोटात स्प्रिंगचा पीळ.
एरवी पात्यांवर आडवं पडून असतं,
दुधावर ताटली ठेवावी तसं.
फळी आली की फळीच त्याला सारते,
फळी जेवढी रुंद तेवढंच ते सरतं,
सूतभर जास्त नाही.
आणि फळीचं शेपूट निघून गेलं की

टक्.

गाईडला येऊन टेकतं.
तो टक् कानावर येईस्तोवर
कुणी हाक मारली तरी वळायचं नाही.
हातभर लांबीच्या आतलं लाकूड
मशीनवर घ्यायचंच नाही, त्याला हातरंधा आहे.
पातळ फळीवर पंजा नाही ठेवायचा,
ठोकळा ठेवायचा, मूठ असलेला.

"खरं एक सांगतो," ते म्हणाले,
"हे लाकूड ओळखत नाही.
तू बोटानं ढकललीस तरी असंच सरकणार,
बोटालाबी वाट देणार.
शहाणं नाही गं ते.
नुसतं परत येतंय."

आणि फळी पुढं सरकताना, दर वेळी,
माझ्या खांद्यामागून: निधान, निधान.

दोन वर्षं मला वाटायचं
ते कुठल्या तरी ठेव्याबद्दल बोलतायत.
नंतर कळलं, कन्नडात निधान म्हणजे
सावकाश.
मी त्यांना हे सांगितलं तेव्हा
ते इतके हसले की ठसका लागला.
"मग बरोबरच ऐकलंस की!"

आता ते येत नाहीत. डोळ्यांत मोती वाढलाय.
जांबोटीचा मष्णू आहे माझ्या हाताखाली,
एकोणीस वर्षांचा, हात भरभर चालणारा.
गेल्या महिन्यात दोनदा म्हणाला,
"काढूया की हे, अक्का. फणसाच्या फळीला अडकायलंय."
मी म्हणाले, अडकायलंय तर खुंटी साफ कर.
केली नाही.

मंगळवारी, तिन्हीसांजेला, करंट गेला.
रेडिओ गप्प, ट्यूब गेली, पट्ट्याचा आवाज मंदावला,
आणि अंधारात सगळ्यांनाच वाटतं तसं
त्याला वाटलं, थांबलं.
पलीकडे पडलेली पेन्सिल घ्यायला तो वाकला,
टेकायला म्हणून हात टाकला.

मी टॉर्च लावला तेव्हा
त्याचा पंजा कोयरीवर होता, सबंध, पसरलेला.
खाली ब्लॉक अजून फिरत होता,
आवाज न करता. करंट गेला तरी
पाऊण मिनिट फिरतो तो,
हे मी त्याला सांगितलं होतं,
मला मोनप्पांनी सांगितलं होतं,
त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.

त्याच्या मनगटाला पात्यांचा वारा लागत असणार.
हलला नाही. मीही ओरडले नाही,
ओरडल्यावर माणूस दचकतो.
निधान, म्हणाले.

त्यानं हात उचलला, सरळ वर,
चुलीवरची भाकरी उचलावी तसा.
मग आम्ही दोघंही
तो वारा थांबेपर्यंत उभे राहिलो.

करंट नऊला आला.
मी हिशेबाची वही बंद करत होते.
मष्णू मशीनपाशी उकिडवा बसला होता,
जुन्या टूथब्रशनं खुंटी घासत.
तेलाचे दोन थेंब सोडले,
कोयरी बोटभर ओढली आणि सोडून दिली.
टक्.
पुन्हा ओढली.